प्रभू येशू दिसायला कसा होता?

अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. किनाऱ्याने तसेच पुढे गेले की नवगाव लागते. फार प्राचीन काळी ह्या नवगावाजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. बुडालेल्यांची प्रेते तेथेच पुरण्यात आली. ती जागा आजही दाखवली जाते आणि तेथे स्मारक उभे आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. ते मराठी बोलू लागले, त्यांच्या स्त्रिया लुगडे नेसू लागल्या आणि गावांच्या नावांवरून त्यांची आडनावे पडली: नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. इब्री भाषा ते जवळजवळ विसरले. परंतु परमेश्वर एकच आहे हे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना, मुलांची आठव्या दिवशीची सुंता आणि शब्बाथ ह्या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत.

हे गलबत नेमके केव्हा फुटले ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. समाजाची परंपरा मात्र ती घटना प्रभू येशूच्या जन्माच्याही आधीची मानते. ही परंपरा खरी धरली, तर नाझरेथ गावात मरियामाता जात्यावर दळण दळत होती, त्या काळात तिच्याच रक्ताची काही माणसे आपल्या कोकणात घाणा फिरवीत होती, असे म्हणावे लागते.

प्रभू येशूच्या रूपाविषयी लिहावयाचे असता सुरुवात नवगावापासून का केली, असे वाचक विचारतील. त्याचे कारण आपल्या घरातील तसबिरीत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिरताच समोरच्या भिंतीवर येशूच्या अतिपवित्र हृदयाची तसबीर दिसते. तिच्यापुढे विजेचा लहानसा तांबडा दिवा जळत असतो. तसबिरीतील येशूचा वर्ण गोरा, केस तपकिरी आणि खांद्यावर रुळणारे, भांग मधोमध, दाढी दुभंगलेली आणि डोळे कधी कधी निळेसुद्धा. ह्या रूपापुढे आपण गुडघे टेकले, जपमाळ म्हटली, आजारपणात अश्रू ढाळले. म्हणूनच धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल येशू खरोखर असाच दिसत होता का असे विचारते, तेव्हा शिकविणारा क्षणभर अडखळतो. प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. तो ख्रिस्तसभेच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्रथम चार शुभवर्तमानांकडे वळतो आणि तेथे एक नवल आढळते. येशू कोठे जेवला, कोठे झोपला, केव्हा रडला, कोणावर रागावला, हे सारे शुभवर्तमानकार सांगतात. तो उंच होता की ठेंगणा, काळा की गोरा, ह्याविषयी चौघेही मौन पाळतात. माणसाचे वर्णन करण्याची रीत यहुदी लेखकांना ठाऊक नव्हती असेही म्हणता येत नाही. शौल राजा इतरांहून एका डोक्याने उंच होता आणि मेंढपाळ दावीद तांबूस वर्णाचा व सुंदर डोळ्यांचा होता, हे जुना करार आवर्जून सांगतो. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा उंटाच्या केसांचा झगा आणि चामड्याचा कमरपट्टा शुभवर्तमानकारांनी टिपून ठेवला आहे. जक्कय बुटका होता हेही आपल्याला कळते. (तेथील मूळ ग्रीक वाक्य असे आहे की बुटका कोण, जक्कय की येशू, असा व्याकरणाचा पेच पडू शकतो. कथेचा ओघ मात्र जक्कयाकडेच बोट दाखवितो.) एवढे असूनही ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिले, त्याच्या चेहऱ्याविषयी एक ओळ नाही.

तरीही येशूचे जीवन बारकाईने वाचले तर त्याच्या रूपाची बाह्यरेषा हाती लागते. हेरोद राजाच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी ६ ते ४ ह्या वर्षांच्या सुमारास, त्याचा जन्म झाला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली आणि त्याचे नाव ठेवण्यात आले, असे संत लूक सांगतात. अब्राहामाच्या कराराची खूण अशा रीतीने त्याच्या देहावर उमटली. नवगावच्या तेली कुटुंबात जन्मलेल्या मुलाच्या देहावरही आठव्याच दिवशी तीच खूण उमटत असे.

तो वाढला तो नाझरेथमध्ये, गालील प्रांतातील काही शेकड्यांच्या वस्तीच्या गावात. त्याच्या धंद्यासाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आला आहे त्याचा अर्थ केवळ सुतार असा नाही. लाकूड आणि दगड, दोन्हींचे बांधकाम करणारा कारागीर असा तो अर्थ आहे. त्याच काळात नाझरेथपासून सुमारे सहा किलोमीटरवर सेफोरिस हे शहर हेरोद अंतिपा नव्याने उभारीत होता. योसेफ आणि येशू तेथे कामाला जात असावेत असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. ते काहीही असो, तिशीपर्यंत त्याने हाताने काम केले. चित्रकारांनी रंगविलेली ती निमुळती, मऊ बोटे त्या कारागिराची असणे कठीण. थळच्या बंदरावर होडीच्या फळ्या ठोकणाऱ्या माणसाचे हात डोळ्यांसमोर आणले तर आपण सत्याच्या अधिक जवळ जाऊ. पुढे तीन वर्षे तो गालील ते यरुशलेम अशा वाटा पायी तुडवीत राहिला. ऊन, वारा आणि धूळ ह्यांनी रापलेला त्याचा चेहरा होता, असे म्हणण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज नाही.

वेशाविषयी मात्र शुभवर्तमान थोडे उदार आहे. त्याच्या पायात वहाणा होत्या. त्यांचा बंद सोडण्याची आपली योग्यता नाही असे योहानाने सांगितले होते. त्याच्या अंगात बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला अंगरखा होता आणि त्यावर रोमी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला स्पर्श केला. हे गोंडे शोभेचे नव्हते. प्रत्येक यहुदी पुरुषाने वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती. याकोबाच्या विहिरीवरील शोमरोनी स्त्रीने ह्या अनोळखी प्रवाशाला पाहताच तो यहुदी असल्याचे ओळखले. बोलण्याच्या धाटणीवरून ओळखले की वेशावरून, हे संत योहान सांगत नाहीत. पण ओळखण्यास तिला वेळ लागला नाही.

केसांच्या बाबतीत आपल्या तसबिरी बहुधा चुकतात. लांब केस पुरुषाला शोभत नाहीत असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले. प्रभू खांद्यापर्यंत केस राखीत होता हे ठाऊक असते, तर पौलाने असे लिहिले असते काय? केस न कापण्याचे व्रत घेणारे नाजीर लोक द्राक्षारस वर्ज्य मानीत. येशू तर काना गावच्या लग्नात आणि शेवटच्या भोजनातही द्राक्षारसाच्या मेजावर बसला. तेव्हा तो नाजीर नव्हता. त्या काळच्या यहुदी पुरुषासारखी त्याला दाढी असावी आणि केस काळे, आखूड असावेत, असेच बहुतेक अभ्यासक आज मानतात.

गेथशेमाने बागेतील प्रसंग ह्या संदर्भात फार बोलका आहे. अटक करण्यास आलेल्या टोळीला येशू दाखवून देण्यासाठी यहुदाला चुंबनाची खूण ठरवावी लागली. मशालींच्या उजेडात बारा-तेरा गालीलकर माणसे उभी होती आणि त्यांतला येशू कोणता हे परक्याला सांगता येत नव्हते. डोक्यामागे तेजोवलय नव्हते, उंचीने तो उठून दिसत नव्हता, त्याचा वर्ण वेगळा नव्हता. पेत्र, याकोब, योहान ह्यांच्यासारखाच तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी फटके, काट्यांचा मुकुट आणि क्रूस ह्यांनी ते रूपही उरले नाही. यशया संदेष्ट्याने वर्णिलेल्या दुःखी सेवकाला रूप नव्हते, पाहत राहावे असे सौंदर्य नव्हते. ख्रिस्तसभेने ते वर्णन पहिल्यापासून क्रुसावरील प्रभूला लावले. पुनरुत्थानानंतर तर आणखी विलक्षण घडले. मरिया मग्दालियाला तो माळी वाटला. एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोगणती चालले, तरी भाकर मोडीपर्यंत त्यांनी त्याला ओळखले नाही. शेवटी थोमासाला त्याने चेहरा दाखविला नाही, तर हातांवरचे व्रण आणि कुशीतली जखम दाखविली. शुभवर्तमान येशूच्या देहावरील दोनच गोष्टी निश्चितपणे सांगते: आठव्या दिवसाची यहुदी खूण आणि क्रुसाच्या जखमा.

शुभवर्तमानांनी मोकळी ठेवलेली ही जागा भरण्याचा प्रयत्न पुढील पिढ्यांनी केला. दुसऱ्या शतकातील सेल्सस नावाच्या विरोधकाने येशू ठेंगणा आणि कुरूप होता अशी टिंगल केली. आश्चर्य असे की त्याच सुमाराचे संत जस्टिन, आलेक्झांड्रियाचे क्लेमेंट आणि तर्तुलियन हे ख्रिस्ती लेखकही येशू दिसायला सुंदर नव्हता असेच यशयाच्या आधारे मानीत होते. त्यांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. पुढे चौथ्या शतकात वारे फिरले. संत जेरोम आणि संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी राजाच्या सौंदर्याचे गुणगान करणारे स्तोत्र येशूला लावले आणि तो मनोहर होता असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांपाशी धर्मशास्त्राचे वचन होते. पाहिलेला साक्षीदार कोणापाशीच नव्हता. संत ऑगस्टीन ह्यांनी पवित्र त्रैक्यावरील आपल्या ग्रंथात हे प्रांजळपणे मान्य केले. प्रभूचा चेहरा एकच होता, पण त्याचा विचार करताना प्रत्येकाच्या मनात निराळा चेहरा उभा राहतो आणि त्यांपैकी खरा कोणता हे आपल्याला ठाऊक नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ह्या विषयावर इतके प्रामाणिक लेखन क्वचितच झाले असेल.

सर्वांत जुनी चित्रे पाहिली तर आपण चकित होतो. सिरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील एक प्रार्थनागृह उत्खननात सापडले. तेथील भिंतीवर येशू पक्षाघाती माणसाला बरे करीत आहे. तो तरुण आहे, त्याला दाढी नाही आणि त्याचे केस आखूड आहेत. रोमच्या भुयारी दफनभूमींतील उत्तम मेंढपाळही तसाच कोवळा तरुण आहे. दाढी आणि लांब केस चौथ्या शतकात रुळू लागले. त्या काळी तत्त्वज्ञ आणि झ्यूससारखे देव असेच दाखवीत, आणि जगाचा गुरू व राजा म्हणून येशूलाही तेच रूप देण्यात आले. सीनाय पर्वतावरील संत कॅथरीनच्या मठात सहाव्या शतकातील एक प्रतिमा जपलेली आहे. तिच्यातील धीरगंभीर, दाढीधारी ख्रिस्त आजच्या तसबिरींचा पूर्वज म्हणता येईल. प्रतिमा असाव्यात की नसाव्यात ह्यावर मोठा वाद झाला. शेवटी ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला: देव खरोखर मनुष्य झाला, म्हणून त्याची प्रतिमा करता येते. पूजा लाकूड-रंगांची होत नाही, ज्याची प्रतिमा आहे त्याला तो मान पोहोचतो.

माणसाच्या हाताने न काढलेल्या चेहऱ्याची ओढही श्रद्धावंतांना होती. एदेस्सा येथील राजा अबगार ह्याच्याकडे येशूच्या मुखाची छाप असलेले वस्त्र होते अशी पूर्वेकडील परंपरा आहे. ते वस्त्र ९४४ साली कॉन्स्टँटिनोपलला आणण्यात आले. पश्चिमेकडे वेरोनिकाची कथा वाढली, जी आपण क्रुसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानाशी दर शुक्रवारी आठवतो. लेंतुलस नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सिनेटला लिहिले असे म्हटले जाणारे एक पत्र मध्ययुगात पसरले. त्यात केसांचा रंग, मधला भांग, दुभंगलेली दाढी असे सारे वर्णन आहे. हे पत्र बनावट आहे ह्याविषयी आता शंका उरलेली नाही. तरीही युरोपच्या चित्रकारांवर त्याचा मोठा पगडा बसला. त्या पत्रातील भांग आजही आपल्या भिंतीवर आहे.

तुरिनच्या कफनाची गोष्ट वेगळी आहे. चौदाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधील लिरे येथे त्याची प्रथम निश्चित नोंद मिळते आणि १५७८ पासून ते तुरिनमध्ये आहे. १८९८ साली सेकोंदो पिया ह्यांनी त्याचे छायाचित्र घेतले. त्याच्या काचेवरील उलट्या प्रतीत एका जखमी पुरुषाचे मुख स्पष्ट उमटले आणि सारे जग हेलावले. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० ह्या काळातील ठरले. ह्या निष्कर्षाला आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत. ख्रिस्तसभेने ते कापड खरे की खोटे असा निवाडा दिलेला नाही. भाविकांना त्यापुढे प्रार्थना करण्याची मोकळीक दिली आहे. श्रद्धा कफनावर अवलंबून नाही, म्हणूनच हा संयम तिला परवडतो, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरची पवित्र हृदयाची तसबीर ह्या मानाने फारच अलीकडची आहे. पोम्पेओ बातोनी ह्या इटालियन चित्रकाराने १७६७च्या सुमारास रोममधील जेझुइट चर्चसाठी ती रंगविली आणि तिच्याच असंख्य प्रती जगभर गेल्या. दैवी करुणेचे पहिले चित्र १९३४ साली विल्नियस येथे काझिमिरोव्स्की ह्यांनी संत फाउस्तिना ह्यांच्या सांगण्यावरून काढले. ते पाहून त्या रडल्या, कारण त्यांनी दर्शनात पाहिलेला प्रभू चित्रातल्यापेक्षा कितीतरी सुंदर होता. ज्या संत स्त्रीमुळे ते चित्र जन्मास आले, तिलाच ते अपुरे वाटले, ही आठवण प्रत्येक तसबिरीपुढे ठेवण्यासारखी आहे.

अलीकडे शास्त्रज्ञांनीही ह्यात लक्ष घातले. २००१ साली रिचर्ड नीव्ह ह्या ब्रिटिश तज्ज्ञाने यरुशलेम परिसरात सापडलेल्या पहिल्या शतकातील एका यहुदी पुरुषाच्या कवटीवरून चेहरा घडविला. रुंद चेहरा, सावळा वर्ण, आखूड कुरळे केस. तो चेहरा येशूचा नाही, त्याच्या एका समकालीनाचा आहे. एवढे लक्षात न घेता वर्तमानपत्रांनी येशूचा खरा चेहरा सापडल्याचा गवगवा केला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जोन टेलर ह्यांनी २०१८ साली ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या यहुदी पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६६ सेंटिमीटर, त्वचा गव्हाळ-सावळी, डोळे तपकिरी आणि केस काळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही माणसे आपल्या बाजारात उभी राहिली तर कोणी वळून पाहणार नाही.

आता आपण पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. थळच्या दक्षिणेस चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ठाणे वसविले आणि १७४० पर्यंत ते त्यांच्या ताब्यात राहिले. रेवदंड्याच्या माडांत त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत आणि खाडीपलीकडे कोर्लई गावात त्यांच्या भाषेचा अंश अजून बोलला जातो. ह्या वसाहतींतून युरोपच्या साच्यातील येशू कोकणात आला. आपल्या पूर्वजांनी तो भक्तिभावाने स्वीकारला, त्याबद्दल कोणालाही उणे बोलण्याचे कारण नाही. पण त्याच काळाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यातील धर्मन्यायालयाने यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांचा छळ केला. मुंबई बेट ज्यांच्याकडे पट्ट्याने होते, ते थोर वैद्य गार्सिया दा ओर्ता मूळचे यहुदी. त्यांचे प्रेतही १५८० साली उकरून जाळण्यात आले. वेदीवर यहुदी प्रभूची गोरी मूर्ती आणि बाहेर यहुद्यांच्या अस्थींची होळी. चेहरा बदलला की नातेही विसरले जाते, ते असे.

तरी शब्दांत येशू लवकर आपला झाला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्याचे चरित्र मराठी ओवीत गाइले आणि तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगांतून आळविले. रंगांत मात्र हे धाडस करण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली.

आंजेलो दा फोन्सेका ह्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह ह्या बेटावर झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण सुरू करून त्यांनी ते सोडले आणि जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील पाश्चात्त्य धाटणीने समाधान होईना, म्हणून ते बंगालला गेले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस ह्यांच्या सहवासात त्यांना आपली वाट सापडली. कुंचल्याच्या पातळ, धुपल्यासारख्या रंगांत त्यांनी साडी नेसलेली मरिया आणि भारतीय साधूच्या वेशातील सावळा ख्रिस्त रंगविला. गोव्याला परतल्यावर त्यांच्या चित्रांवर टीकेची झोड उठली. मरियामातेला साडी नेसविणे अनेकांना अपमानास्पद वाटले. त्या वेळी आपल्याच घरातील माता-भगिनी काय नेसत होत्या, ह्याचा विचार टीकाकारांनी केला नसावा.

फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. आश्रम अँग्लिकन पंथाचा आणि फोन्सेका निष्ठावंत कॅथलिक. त्यांच्या ख्रिस्ताला जागा मिळाली ती शेजाऱ्यांच्या घरात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास ह्यांच्यासारख्या काही मोजक्यांनी त्यांना उत्तेजन दिले. १९५१ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांच्या मरियेच्या चित्रांत पत्नीच्या चेहऱ्याची छटा उतरू लागली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरील दस्तऐवजात सर्व राष्ट्रांच्या कलेला ख्रिस्तसभेत मुक्त वाव दिला. फोन्सेका जे तीस वर्षे करीत होते, त्याला जणू मान्यताच मिळाली. पण फार काळ ते पाहण्यास उरले नाहीत. २८ डिसेंबर १९६७ रोजी मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने जपलेली शेकडो चित्रे आता गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. ज्या भूमीने त्यांना परके केले, तेथेच ती परतली.

फोन्सेका ह्यांचा सावळा ख्रिस्त इतिहासाच्या कसोटीवर खरा आहे काय? वेश निश्चितच खरा नाही. येशूने साधूची छाटी पांघरली नव्हती, गोंड्यांचे यहुदी वस्त्र पांघरले होते. पण वर्णाच्या बाबतीत पुण्याच्या आश्रमातील हा चित्रकार रोमच्या बातोनीपेक्षा नाझरेथच्या अधिक जवळ पोहोचला होता, असे म्हणावयास हरकत नाही. तसबीर बदलावी असे आमचे सांगणे नाही. आईने लावलेली तसबीर कोणी काढू नये. तिच्याशेजारी दुसरी एखादी लावण्यास भिंतीवर जागा असते, इतकेच.

ह्यातील सर्वांत जुना दुरावा मात्र वेगळा आहे, आणि तो भरून निघण्यास फार वेळ लागला. युरोपच्या कित्येक चित्रांत येशू गोरा आणि यहुदा तेवढा यहुदी चेहऱ्याचा, पिवळ्या वस्त्रातला, असे दाखविले जात होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र प्रसिद्ध करून ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादण्याचे नाकारले. येशू, मरिया आणि प्रेषित ह्याच लोकांतले होते ह्याची तिने आठवण दिली. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि क्षमायाचनेची चिठ्ठी त्यांनी भिंतीच्या फटीत ठेवली.

आपल्या कोकणात हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी ह्या लोकांचा छळ केल्याची आठवण नाही. एलिया संदेष्ट्याच्या नावाने बेने इस्रायल पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करीत, आणि अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाच्या रथाची खूण दाखवीत. हाच एलिया रूपांतराच्या डोंगरावर येशूशी बोलत उभा होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक तिकडे गेले. थळ-अलिबागच्या परिसरात आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत.

अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ साली स्थापन झालेले ‘मागेन आबोथ’ हे त्यांचे सभागृह आहे. आत पेटीमध्ये नियमशास्त्राच्या गुंडाळ्या जपून ठेवलेल्या असतात. अशाच एका सभागृहात, नाझरेथला, एका शनिवारी तिशीचा एक कारागीर वाचनासाठी उभा राहिला. त्याच्या हाती यशयाची गुंडाळी देण्यात आली. त्याने ती उलगडली, वाचली, गुंडाळून सेवकाच्या हाती परत दिली आणि तो खाली बसला. सभागृहातील सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळले होते, असे संत लूक लिहितात. त्या डोळ्यांना काय दिसले, ते त्यांनी लिहिलेले नाही.